दोन सिलिंडरचे बोटीचे इंजिन सुरू होत नाही : प्रकल्प नोंदी

७ नोव्हेंबर

चार महिने जागेवर उभी राहिलेली बोट पुन्हा वापरात आणण्यासाठी आज सकाळी इंजिन सुरू करून पाहिले. किल्ली फिरवल्यावर पॅनेलवरचे दिवे नेहमीप्रमाणे लागले, तेलाच्या दाबाचा बझर वाजू लागला आणि स्टार्टरची कळ दाबताच झाकणाखालून ‘टक्’ असा एकच आवाज आला. त्यापुढे काही नाही. तीनदा कळ दाबली, तिन्ही वेळा तेच. चौथ्यांदा दाबण्याचा मोह आवरला आणि वही काढली, कारण मागे एकदा अशाच प्रसंगी हाताला येईल ते बदलत सुटल्यामुळे इंजिन शेवटी सुरू झाले खरे, पण ते नेमके कशाने सुरू झाले हे कळलेच नव्हते. या वेळी एका वेळी एकच बदल करायचा आणि त्याची लगेच नोंद करायची, असे ठरवले आहे.

इंजिन दोन सिलिंडरचे, सुमारे २० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन असून हेडमधील छोट्या पूर्वकक्षात डिझेल फवारण्याच्या जुन्या पद्धतीचे आहे. इंजिनात फिरणारे गोडे पाणी समुद्राच्या पाण्याने थंड होते आणि ते समुद्राचे पाणी शेवटी धुराबरोबर एक्झॉस्टमधून बाहेर पडते. वीज १२ व्होल्टची आहे. इंजिनासाठी एक आणि दिवे-पंपांसाठी एक अशा दोन बॅटऱ्या असून त्यांच्यामध्ये निवडीचा स्विच आहे.

स्टार्टरला हात लावण्याआधी इंजिन अडकलेले नाही ना, हे पाहणे आवश्यक होते. बराच काळ उभ्या असलेल्या बोटीत एक्झॉस्टमधले पाणी मागे येऊन सिलिंडरमध्ये शिरलेले असू शकते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे अशा इंजिनाला स्टार्टरने जोर दिला तर पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. डिपस्टिकवरचे तेल काळे होते, दुधाळ नव्हते, म्हणजे त्यात पाणी मिसळलेले नव्हते. सिलिंडरमधला दाब सोडून देणारे डीकॉम्प्रेशनचे लिव्हर उचलून क्रँकच्या पुलीच्या नटाला रिंग पाना लावला आणि इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवले. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरचा दाबाचा स्ट्रोक एकदा येऊन जातो. इंजिन जड पण एकसारखे फिरले. लिव्हर खाली केल्यावर दोन्ही सिलिंडरच्या दाबाशी पाना थबकत होता आणि सोडला की मागे उसळत होता, म्हणजे कॉम्प्रेशन किमान हाताला जाणवण्याइतके तरी शाबूत आहे. काम उद्यावर ठेवले.

८ नोव्हेंबर

आज भाचा मदतीला आला. मल्टीमीटरच्या तारा धरून मी इंजिनाशेजारी बसायचे आणि त्याने पॅनेलपाशी उभे राहून सांगितल्यावर कळ दाबायची, अशी विभागणी केली. एकट्याने हे काम होत नाही, कारण खरी मोजमापे कळ दाबलेली असतानाच घ्यावी लागतात.

कळ न दाबता बॅटरीच्या टोकांवर १२.६ व्होल्ट होते, म्हणजे बॅटरी जवळजवळ पूर्ण भरलेली आहे. मात्र भार नसताना दिसणारा हा आकडा बॅटरीच्या दमाविषयी फारसे सांगत नाही. “मामा, आता मारू का सेल्फ?” असे विचारून भाच्याने कळ दाबली, तेव्हा ‘टक्’ झाले आणि बॅटरीवरचा आकडा १२.२ वर आला. हाच आकडा मला बोलका वाटला. बॅटरी निकामी असती तर कळ दाबताच तो ८ किंवा ७ पर्यंत कोसळला असता. आणि स्टार्टर आतून जाम झालेला असून केबल ठणठणीत असत्या तरीही भरमसाट प्रवाह ओढला जाऊन बॅटरी बरीच दबली असती. येथे ती फारशी दबतच नाही, याचा अर्थ तिच्याकडून हवा तेवढा प्रवाह कोणी मागत नाही, किंवा वाटेत कोणी तो अडवत आहे.

त्यानंतर मीटरची एक तार स्टार्टरच्या जाड केबलच्या बोल्टवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर टेकवून पुन्हा कळ दाबायला सांगितले. आकडा ४.० व्होल्ट. बॅटरीपाशी १२.२ आणि स्टार्टरपाशी ४.०, म्हणजे मधल्या वाटेत ८.२ व्होल्ट हरवत होते. ते कोणत्या बाजूला हरवतात हे शोधण्यासाठी मीटर केबलच्या दोन टोकांवर लावायचा असतो. चांगल्या केबलवर तो जवळजवळ शून्य दाखवतो आणि जिथे अडथळा असेल तिथे हरवलेले व्होल्ट दाखवतो. बॅटरीचे धन टोक ते स्टार्टरचा बोल्ट, स्विच धरून, ०.२ व्होल्ट. बॅटरीचे ऋण टोक ते इंजिनाचे लोखंड, ८.० व्होल्ट. बेरीज जुळली.

ऋण केबलच्या इंजिनाकडील टोकाला हात लावला, तर लग, म्हणजे केबलच्या टोकाला बोल्टसाठी दाबून बसवलेली धातूची टोपी, बोट ठेवता येणार नाही इतका गरम झाला होता. वास्तविक तापलेला सांधा हाताने चाचपणे ही मीटरहूनही जुनी युक्ती आहे आणि ती आधी सुचायला हवी होती. केबल सोडवून काढली, तेव्हा बाहेरचे काळे आवरण अगदी नव्यासारखे दिसत होते. लगपासून चार बोटे अंतरावर चाकूने आवरण उभे चिरले; आत तांब्याच्या तारांऐवजी काळसर-हिरवी भुकटी आणि तिच्यात अडकलेल्या पाच-सहा लालसर तारा होत्या. खारी ओल लगच्या उघड्या तोंडातून शिरून तारांच्या फटींतून दिव्याच्या वातीत तेल चढावे तशी आत चढत गेली होती. किल्ली फिरवल्यावर दिवे लागतात, बझर वाजतो, म्हणून बॅटरीचा मार्ग ठीक आहे असे समजणे किती फसवे आहे हे यावरून लक्षात येते. दिव्यांना एखाद-दुसरा अँपिअर पुरतो, तेवढा त्या पाच-सहा तारांतून आरामात जातो. स्टार्टरला शे-दोनशे अँपिअर लागतात.

९ नोव्हेंबर

दोन्ही जाड केबल बदलल्या. जुन्या ३५ चौरस मिलिमीटरच्या होत्या, नव्या ५० च्या आणि कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या घेतल्या. जाण्या-येण्याची मिळून केबलची लांबी ४ मीटर आहे. तांब्याचा हिशोब केला तर ३५ च्या केबलचा एकूण रोध सुमारे ०.००२ ओहम येतो आणि २०० अँपिअरला ०.४ व्होल्ट वाया जातात, तर ५० च्या केबलमध्ये ही घट ०.२८ व्होल्टवर येते. फरक मोठा नाही, पण गारठ्यात तेल घट्ट झालेले असताना तोही उपयोगी पडतो. लग दाबयंत्राने दाबून त्यांच्या तोंडावर आतून गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी चढवली. इंजिनावरच्या बोल्टखालचा रंग काचकागदाने चमकेपर्यंत खरवडला.

काम संपेपर्यंत अंधार पडल्यामुळे फक्त एकदा, इंजिन थांबवण्याची केबल ओढून धरून, स्टार्टर फिरवून पाहिला. इंजिन दणदणीत फिरले. फिरताना बॅटरीवर १०.९ आणि स्टार्टरवर १०.५ व्होल्ट मिळाले.

१० नोव्हेंबर

आज इंजिन सुरू होईल अशा खात्रीने आलो आणि ती खात्री चुकीची ठरली. इंजिन वेगाने फिरते, पण पेट घेत नाही. पंधरा सेकंदांहून अधिक काळ स्टार्टर सलग चालवायचा नाही आणि दोन प्रयत्नांमध्ये त्याला निवू द्यायचे, हे पथ्य पाळून आठ प्रयत्न केले. भाच्याला मागच्या बाजूला एक्झॉस्टकडे लक्ष ठेवायला सांगितले होते. त्याने प्रत्येक वेळी एकच उत्तर दिले : धूर अजिबात नाही, थोडे पाणी येते.

धूर नसणे ही उपयोगाची माहिती आहे. डिझेल सिलिंडरमध्ये फवारले जात असून पेटत नसेल, तर त्याची न जळलेली वाफ एक्झॉस्टमधून पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. काहीच बाहेर पडत नसेल, तर बहुधा डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे कॉम्प्रेशन, टायमिंग वगैरे मोठ्या शंका तूर्त बाजूला ठेवल्या.

मात्र ‘थोडे पाणी येते’ हे शब्द कानावर पडूनही त्यांचा अर्थ आठव्या प्रयत्नानंतर डोक्यात शिरला, आणि ही माझी या कामातील सर्वांत गंभीर चूक म्हणून येथे नोंदवतो. समुद्राचे पाणी आत घेणारा सी-कॉक मी उघडा ठेवला होता. इंजिन नुसते स्टार्टरने फिरते तेव्हाही पाण्याचा पंप फिरतच असतो आणि तो दर फेऱ्यागणिक एक्झॉस्टच्या वॉटरलॉकमध्ये, म्हणजे पाणी साठवणाऱ्या मफलरमध्ये, पाणी ढकलत असतो. इंजिन चालू असेल तर धुराचा दाब हे पाणी उचलून बाहेर फेकतो. इंजिन पेटलेच नाही तर ते साठत जाते, मफलर भरला की वर चढते आणि उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरते. पहिल्या दिवशी ज्या पाण्याच्या भीतीने इंजिन हाताने फिरवून पाहिले, तेच पाणी मी स्वतः आत भरत होतो.

मफलरच्या तळाचा बूच काढला, तर अंदाजे अडीच लिटर पाणी निघाले. मफलरची क्षमता त्याहून फारशी अधिक नसावी. पुन्हा पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवले. सुदैवाने कुठे अडकले नाही आणि तेलही दुधाळ झालेले नाही. सी-कॉक बंद केला. आता यापुढची शिस्त अशी की कॉक बंद असेपर्यंत किल्लीला बांधलेली लाल दोरी पॅनेलवर लटकत राहील आणि इंजिन पेटताच भाचा दुसरे काहीही न करता आधी कॉक उघडेल, कारण पाण्याविना फिरणारा पंपातला रबरी इंपेलर पाहता पाहता जळून त्याची पाती तुटतात.

१२ नोव्हेंबर

डिझेलच्या वाटेची तपासणी. आधी सोपी शक्यता पाहिली : थांबवण्याची केबल गंजून अर्धवट अडकली असेल, तर पंपावरचे लिव्हर ‘बंद’ स्थितीतच राहते आणि माणूस दिवसभर फिल्टर खोलत बसतो. लिव्हर मोकळे होते आणि पूर्ण मागे जात होते. टाकीत डिझेल अर्ध्याच्या वर होते.

पाणी वेगळे करणाऱ्या पहिल्या फिल्टरचे काचेचे भांडे तळाशी गढूळ दिसत होते. त्याखालची चकती सैल करून निघालेला द्रव स्वच्छ बरणीत धरला आणि दहा मिनिटे तसाच राहू दिला. बरणीत तीन थर दिसू लागले. वर पिवळसर डिझेल, खाली पाणी आणि या दोहोंच्या सीमेवर साईसारखा तपकिरी, लिबलिबीत पापुद्रा. बरणी तिरकी केली की तो पापुद्रा अखंड सरकत होता. डिझेल पाण्याहून हलके, लिटरला सुमारे ८४० ग्रॅम भरणारे, म्हणून पाणी नेहमी टाकीच्या तळाशी जाते, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर जीवाणू व बुरशी वाढतात. त्यांना पाणी खालून मिळते आणि खाद्य वरून. अर्धी रिकामी टाकी चार महिने उभी राहिली की दिवसरात्रीच्या तापमानातील फरकामुळे वरच्या हवेतील ओल पत्र्यावर दहिवरासारखी धरते आणि ओघळून खाली जमते. टाकी भरून ठेवायला हवी होती, हे मला ठाऊक होते आणि मी ते केले नाही.

टाकीच्या तळातून हातपंपाने नळी घालून द्रव काढला; स्वच्छ डिझेल येईपर्यंत दीड लिटर पाणी आणि गाळ निघाला. तो झाकणबंद डब्यात भरून ठेवला आहे. एक थेंबही समुद्रात किंवा बोटीच्या तळात सोडलेला नाही. पहिला फिल्टर पिळल्यावर त्यातून काळा चिकट गाळ आला, दुसऱ्या बारीक फिल्टरच्या घड्याही काळ्या झाल्या होत्या. दोन्ही नवे बसवले.

फिल्टर बदलला की आत हवा शिरते आणि ती काढल्याशिवाय डिझेल इंजिन पेटत नाही. इंजेक्शन पंपाचा दट्ट्या द्रवावर दाब देऊ शकतो. त्याच्यासमोर हवेचा बुडबुडा आला तर तो बुडबुडाच आकसतो, पुन्हा फुगतो आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा इंजेक्टर उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. म्हणून बारीक फिल्टरवरचा एअर काढण्याचा स्क्रू दोन फेरे सैल केला आणि टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचे छोटे लिव्हर हाताने मारू लागलो. लिव्हर ढिले पडलेले, त्याला स्ट्रोकच नाही. नवख्याला येथे पंप खराब झाल्याचा संशय येतो. प्रत्यक्षात इंजिन अशा जागी थांबलेले असते की कॅमचा उंचवटा पंपाला आधीच दाबून बसलेला असतो. पुलीला पाना लावून इंजिन एक फेरा फिरवले की कॅम अर्धा फेरा फिरतो आणि लिव्हरला जोर येतो. तसा तो आला. स्क्रूपाशी आधी नुसती हवा फुसफुसली, मग फेस, मग बुडबुड्यांसकट डिझेल.

बुडबुडे मात्र थांबेनात. दोनशेच्या वर झटके मारले तरी दर तीन-चार झटक्यांनंतर मोहरीएवढ्या बुडबुड्यांची एक माळ येतच राहिली. हाताला गोळे आले तेव्हा थांबलो.

१३ नोव्हेंबर

बुडबुडे सतत येतात, म्हणजे हवा आत उरलेली नसून कुठून तरी नव्याने आत ओढली जाते. टाकी फीड पंपापेक्षा खालच्या पातळीवर असल्यामुळे टाकीपासून पंपापर्यंतची सगळी वाट ओढणीखाली असते. अशा वाटेतील फट शोधणे किचकट असते, कारण पंपाच्या पुढच्या दाबाच्या बाजूला फट असेल तर डिझेल ठिबकते आणि डोळ्यांना दिसते. ओढणीच्या बाजूला डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते आणि बाहेरून सांधा कोरडा ठणठणीत दिसतो. काल मी प्रत्येक जोडावरून कागदी रुमाल फिरवून पाहिला होता आणि तो कोराच राहिला होता.

म्हणून वाट तुकड्यातुकड्याने वगळण्याचे ठरवले. पाच लिटरच्या स्वच्छ डब्यात डिझेल घेतले, त्यातून पारदर्शक नळी थेट फीड पंपाला जोडली आणि लिव्हर मारले. चाळीस झटक्यांत बुडबुडे संपले आणि पुन्हा आले नाहीत. म्हणजे पंप आणि त्याच्या पुढचा सगळा भाग निर्दोष. मग डब्याची नळी एक टप्पा मागे, पहिल्या फिल्टरच्या आत येणाऱ्या बाजूला जोडली आणि फिल्टर ते पंप या भागात पारदर्शक नळी लावली. बुडबुडे परत आले, आणि ते नळीतून सरकताना डोळ्यांसमोर दिसत होते. टाकी, तिची नळी आणि टाकीवरचा कॉक हे सगळे या चाचणीत वाटेबाहेर होते, त्यामुळे दोष फिल्टरच्या माथ्यातच आहे हे नक्की झाले.

फिल्टर उतरवून माथ्याच्या खाचेत विजेरीचा प्रकाश टाकला. खाच गुळगुळीत, काळी, सर्वत्र सारखी दिसत होती. नखाने खरवडल्यावर तिचा ‘काळा धातू’ वर उचलला गेला. ते जुने रबरी रिंगण होते. वर्षानुवर्षे दाबून ते खाचेत असे चपटे बसले होते की काल फिल्टर काढताना ते माथ्यालाच चिकटून राहिले आणि मी त्याच्यावर नवे रिंगण चढवून फिल्टर घट्ट केला. दोन रिंगणे एकमेकांवर कधीच नीट बसत नाहीत. हा दोष बोटीचा नव्हे, माझ्या हाताचा होता, आणि त्यात एक संपूर्ण दिवस गेला. जुने रिंगण लाकडी काडीने काढले, खाच पुसली, नव्या रिंगणाला डिझेलचे बोट लावले आणि फिल्टर हाताने आवळला. तीस झटक्यांत डिझेल निर्मळ आले.

१४ नोव्हेंबर

आत शिरलेली हवा फीड पंपापासून इंजेक्टरपर्यंत क्रमाने काढली : बारीक फिल्टर, मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू, आणि शेवटी इंजेक्टरला जोडलेल्या स्टीलच्या नळ्यांचे नट. हे नट एक फेरा सैल करून, त्यांभोवती चिंधी गुंडाळून, सी-कॉक बंद ठेवून स्टार्टर फिरवला. आवळलेल्या इंजेक्टरमधून डिझेलचा फवारा कातडी भेदून आत जाईल इतक्या दाबाने सुटतो, त्यामुळे हात दूरच ठेवायचा असतो. पहिल्या नळीतून चौथ्या-पाचव्या फेऱ्याला डिझेलचे ठोके दिसू लागले, दुसरीतून थोडा वेळ फेस आणि मग तसेच ठोके. दोन्ही नट आवळले आणि ठरलेल्या वीस सेकंदांपर्यंत ग्लो प्लग, म्हणजे पूर्वकक्ष गरम करणारे विजेचे प्लग, तापवून स्टार्टर मारला.

इंजिन खोकले. भाच्याने मागून ओरडून सांगितले की पांढरा धूर येतो आहे, आणि भरपूर येतो आहे. इंजिनाने तीन-चार वेळा ‘धप्... धप्’ केले, जणू एक पाय टेकत, एक ओढत चालल्यासारखे, आणि सोडून दिले. पुढच्या तीन प्रयत्नांतही असेच झाले. मफलर पुन्हा रिकामा केला.

पेटवण्यासाठी हवेच्या वाटेत स्टार्टिंग स्प्रे मारून पाहावा, असे भाच्याने सुचवले. नकार दिला, आणि कारणही सांगितले : त्या फवाऱ्यातील इथर तापलेल्या ग्लो प्लगला लागताच पिस्टन वर पोहोचण्याआधीच भडकते, आणि तो धक्का पिस्टन, रिंगा किंवा हेडची गॅस्केट सहन करतीलच असे नाही.

१५ नोव्हेंबर

पांढरा धूर म्हणजे डिझेल पोहोचते आहे, पण सिलिंडर पुरेसा गरम नाही. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. हवा वीसपटीहून अधिक दाबली गेल्याने ती तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटते. पूर्वकक्षाच्या इंजिनात मात्र ही गरम हवा अरुंद वाटेने एका छोट्या, थंड भिंतींच्या कप्प्यात शिरते आणि बरीच उष्णता त्या भिंतीच शोषून घेतात. म्हणूनच या जातीच्या इंजिनाला गारठ्यात ग्लो प्लगचा आधार लागतो, आणि म्हणूनच एका सिलिंडरचे ‘धप्’ ऐकू येते तेव्हा दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगकडे पाहावे.

दोन्ही प्लगना जोडणाऱ्या पट्टीवर कळ दाबली असताना ११.९ व्होल्ट होते, म्हणजे रिले आणि वायर ठीक. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर त्या वायरीभोवती अडकवला, तर १४ अँपिअर. दोन प्लगचे मिळून जवळजवळ दुप्पट हवे होते. पट्टी काढून प्रत्येक प्लगचा रोध मोजला : पहिल्याचा ०.८ ओहम, दुसऱ्याचा मीटरने आकडाच दाखवला नाही.

तो कधी गेला असेल याचा विचार करताना गेल्या वर्षभरातली एक गोष्ट आठवली. सकाळी पहिल्यांदा सुरू होताना इंजिन अर्धा मिनिट थरथरत असे आणि मग नीट चालत असे; मी ते इंजिनाखालच्या रबरांचे म्हातारपण समजून सोडून दिले होते. प्रत्यक्षात इंजिन पहिल्या सिलिंडरवर पेटत होते आणि त्या ऊर्मीवर दुसरा मागून तापून सामील होत होता. जुनी केबल तेव्हा थोडीफार शाबूत होती, डिझेलमध्ये पाणी नव्हते, म्हणून एका प्लगवर भागत होते.

मेलेल्या प्लगला पाना लावून बघितले, तो हलला नाही. जोर केला असता तर त्याचे टोक हेडमध्ये तुटून राहिले असते आणि मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नव्हते. गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर ठेवले.

१६ नोव्हेंबर

प्लग पाव फेऱ्याहूनही कमी पुढे, तेवढाच मागे, पुन्हा तेल, असे करत पाऊण तासात निघाला. त्याचे टोक फुगून बाजूने चिरले होते. पहिला प्लग सहज निघाला आणि काळसर पण सरळ होता. दोन्ही नवे घ्यायचे ठरवले, कारण एकाच वयाचा जोडीदार मागोमाग जाणार हे उघड आहे. नवे प्लग बसवण्याआधी बॅटरीच्या तारांवर, पक्कडीत धरून, एकेक तपासले : आधी टोकाला अंधुक लाली आली, मग ती वर सरकत नारिंगी झाली. टोकाऐवजी मधल्या भागात आधी लाल होणारा प्लग घेऊ नये असे जुने मेकॅनिक सांगतात आणि ते बरोबर आहे. भोके साफ करून प्लग पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच आवळले. कळ दाबल्यावर क्लॅम्प मीटरवर २८ अँपिअर.

१७ नोव्हेंबर

सकाळी सात वाजता, इंजिन रात्रभर थंड झालेले असताना प्रयत्न केला. सी-कॉक बंद, मफलर रिकामा, गिअर न्यूट्रल, थ्रॉटल एक तृतीयांश. वीस सेकंद ग्लो, मग कळ. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन पेटले आणि या वेळी दोन्ही पायांवर. भाच्याने कॉक उघडला. एक्झॉस्टमधून पाण्याची पहिली गुळणी पडेपर्यंत मी सेकंद मोजत होतो, अकरा भरले. पांढरा धूर मिनिटभरात विरला. तेलाचा दिवा विझलेला, अल्टरनेटरवर १४.१ व्होल्ट, पारदर्शक नळीत एकही बुडबुडा नाही. अर्धा तास चालवून बंद केले, एक तासाने पुन्हा ग्लो न देता कळ दाबली आणि लगेच सुरू झाले.

ती पारदर्शक नळी मात्र काढून मूळची आगीला टिकणारी नळी बसवली. इंजिनाच्या पेटीत साधी प्लास्टिकची नळी चाचणीपुरती ठीक, कायमची नाही.

२८ नोव्हेंबर

या दहा-अकरा दिवसांत इंजिन सहा वेळा थंड अवस्थेतून सुरू केले, प्रत्येक वेळी पहिल्या प्रयत्नात. तरीही दोन गोष्टी उरल्या होत्या.

पहिली, दुसऱ्या प्लगचे फुगलेले टोक. नुसत्या वयाने प्लगची तार तुटते, पण टोक असे फुगून चिरले तर वरचा इंजेक्टर फवारा मारण्याऐवजी धार सोडत असल्याचा संशय घ्यावा लागतो. दोन्ही इंजेक्टर तपासणीच्या यंत्रावर लावले. पहिला धुक्यासारखा फवारत होता; दुसऱ्याच्या टोकाशी दाब देण्याआधीच थेंब जमत होता आणि तो ठरलेल्या दाबाच्या बराच आधी उघडत होता. त्याचे नोझल बदलले आणि बसवताना खालचे तांब्याचे वॉशर नवे घातले.

दुसरी, पहिल्या फिल्टरचे भांडे. आठवड्याभरात त्यात पुन्हा चमचाभर पाणी आले. टाकीच्या तळात थोडे उरले असणार असे समजलो होतो, परंतु डेकवरच्या डिझेल भरण्याच्या झाकणाखालचे रिंगण काढून पाहिले तर ते एका बाजूला तुटलेले आहे आणि डेक धुतले की पाणी थेट तिथूनच उतरते. रिंगण बदलले. टाकीचे तपासणीचे झाकण उघडून आतून पुसून घेण्याचे काम पुढच्या आठवड्यात करायचे आहे. तोपर्यंत दर वापराआधी भांड्याची चकती सैल करून बरणीत नमुना घेत आहे. कालच्या नमुन्यात पाणी नव्हते.